कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन जड जातो तेव्हा

आईच्या पोटात बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो आणि तेवढ्यात त्याचं छान भागतं. वारेकडून नाळेवाटे येणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जेमतेम ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. मोठ्या माणसाच्या रोहिणीत तो ९० ते १०० असतो. जन्मानंतर काही मिनिटांतच बाळाला ही झेप घ्यावी लागते. पूर्ण दिवसांचं बाळ तयारीनं येतं. शेवटच्या आठवड्यांत त्याच्या शरीरात सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज यांसारखी संरक्षक एन्झाइम्स वाढलेली असतात, आईकडून ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम आलेलं असतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी मिळायचीच असते. त्यात त्याची फुप्फुसं कच्ची, म्हणून जास्तीचा ऑक्सिजन त्यालाच द्यावा लागतो.

ऑक्सिजन वापरताना पेशींत फ्री रॅडिकल तयार होतात. आपल्या एका इलेक्ट्रॉनला जोडी नसल्यामुळे हे कण शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. ते आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असतात, जंतूंशी लढायला उपयोगीही पडतात. ते आवरण्याची ताकद अपुरी पडली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. कमी दिवसांच्या बाळांच्या रक्तात लोह बांधून ठेवणारं ट्रान्सफेरिनही कमी असतं. सुटं राहिलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि ते या सगळ्यांत जहाल.

रॅडिकल क्षणार्धात नाहीसे होतात, त्यामुळे ते थेट मोजणं अवघड. मोजायच्या त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा. पेशीच्या आवरणातली चरबी बिघडली की मॅलोनडायअल्डिहाइड आणि आयसोप्रोस्टेन रक्तात उतरतात. प्रथिनांना इजा झाली की कार्बोनिल गट वाढतात. ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा वापरला गेलेला भाग किती आणि शिल्लक किती, यावरूनही अंदाज बांधता येतो. यांतले आयसोप्रोस्टेन मला सर्वांत भरवशाचे वाटतात. मॅलोनडायअल्डिहाइडची जुनी, स्वस्त चाचणी रक्तातल्या इतर पदार्थांनाही प्रतिसाद देते, म्हणून तिच्या आकड्यावर फार विसंबू नये.

आयसोप्रोस्टेनचंही एक पथ्य आहे. काढलेलं रक्त तसंच ठेवलं तर नळीतच चरबीचं ऑक्सिडेशन चालू राहतं आणि आकडा फुगतो. नमुना लगेच खूप थंड करावा लागतो. आणि मुळात रक्त आणायचं कुठून? एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सुमारे ९० मिलिलिटर रक्त! चाचण्यांसाठी थोडं थोडं काढलेलंही त्याला भारी पडतं. म्हणून नाळेतलं रक्त किंवा लघवी वापरण्याकडे संशोधकांचा ओढा आहे, आणि तो मला फार योग्य वाटतो. उपचार ठरवण्यासाठी या चाचण्या अजून रोजच्या वापरात आलेल्या नाहीत.

मग अँटिऑक्सिडंट भरपूर द्यावेत का? ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन पाहिले गेले. अशा बाळांना होणारा, दृष्टी घालवू शकणारा दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) तीव्र आजार काहीसा कमी झाला, पण रक्तातल्या जंतुसंसर्गाचा धोका वाढला.

दृष्टिपटलाच्या या आजाराचं वर्णन १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी केलं. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी त्यामागे जास्तीचा ऑक्सिजन असावा असं सुचवलं. तोवर हजारो बाळांची दृष्टी गेली होती. नंतर ऑक्सिजनवर कडक मर्यादा आली, तेव्हा अंधत्व घटलं पण मृत्यू वाढले. आज अशा बाळांच्या रक्तातली ऑक्सिजन पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. मॉनिटरवर १०० दिसलं की आईवडिलांना हायसं वाटतं. बाळ जास्तीच्या ऑक्सिजनवर असेल, तर तोच आकडा पाहून नर्स ऑक्सिजन कमी करायला येते.