हरणाऱ्याने मत कुठे द्यावे?

ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा नकाशा पुढच्या जनगणनेची वाट न पाहता पुन्हा आखला. हेतू लपवलाही नाही: रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवायच्या. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन तोच डाव डेमोक्रॅटिक पक्षासाठी टाकला. अशा बातम्या आल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्यांचा पक्ष तिथे जिंकूच शकत नाही, त्यांनी मतदानाला जायचे तरी कशाला? नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपुरता प्रश्न रास्त आहे. पण तिच्या काही महिने आधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी आणखी एक निवडणूक होते, ती प्रायमरी. काही राज्यांत दुसऱ्या पक्षाचे मतदारही तिथे मत देऊ शकतात आणि तिथले गणित निराळे आहे.

नकाशाची चलाखी फार अवघड नाही. विरोधकांची वस्ती फोडून दोन-चार मतदारसंघांत विखरायची, नाहीतर सगळी एकाच मतदारसंघात कोंबायची. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने निघालेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला, म्हणून ‘जेरीमँडरिंग’ हे नाव पडले. वेडावाकडा आकार हीच लबाडीची खूण, असे मात्र समजू नये. आजचे संगणक नीटनेटक्या आकारांतूनही तेवढीच लबाडी करून देतात. अशा नकाशातून ६५ विरुद्ध ३५ टक्क्यांचे मतदारसंघ तयार होतात आणि खरी लढत बलाढ्य पक्षाच्या प्रायमरीत सरकते. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटतात, तिथे ते प्रायमरीत मतदार ठरवतात.

आता एका मताची ताकद मोजू. तुमचे मत निर्णायक ठरते ते बाकीची मते समसमान पडली तरच. म्हणून बरोबरीची शक्यता काढायची. निकालाचा अंदाज घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवा. सर्वांत संभाव्य निकालापाशी वक्र उंच असतो आणि दोन्ही बाजूंना उतरत जातो. ५० टक्क्यांच्या रेषेवर त्याची जी उंची असेल तिला एकूण मतांनी भागले की बरोबरीची शक्यता ढोबळमानाने मिळते.

समजा, मुख्य निवडणुकीत ३ लाख मते पडणार आहेत, बलाढ्य पक्षाचा अंदाज ६५ टक्के आहे आणि प्रमाण विचलन (अंदाज साधारण किती चुकू शकतो याचे माप) ४ टक्के. ५० टक्क्यांची रेषा मध्यापासून ३.७५ विचलने दूर पडते. तिथे वक्राची उंची उरते ०.००८८. तीन लाखांनी भागा: सुमारे ३ कोटी ४० लाखांत एक. आता त्याच पक्षाची दुरंगी प्रायमरी घ्या. ६० हजार मते, आघाडीवरच्या उमेदवाराचा अंदाज ५२ टक्के, विचलन ६ टक्के. ५० ची रेषा मध्याला जवळजवळ चिकटलेलीच आहे, त्यामुळे उंची ६.३ येते. शक्यता साडेनऊ हजारांत एक. म्हणजे तेच बोट, तेच मत, पण ताकद सुमारे साडेतीन हजार पट. यातली मते कमी असण्याची करामत फक्त पाच पटींची आहे. उरलेली सातशे पट वाढ निकालाच्या अनिश्चिततेतून येते.

अर्थात दोन पक्षांमध्ये जेवढे अंतर असते तेवढे एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमध्ये नसते. ते एक दशांश धरले तरी फायदा साडेतीनशे पटींचा राहतो.

एकट्याने पलीकडच्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन भागत नाही, हेही आकड्यांत पाहता येते. वरच्या प्रायमरीत मवाळ उमेदवार ४८-५२ ने, म्हणजे २,४०० मतांनी मागे आहे असे धरा. अल्पमतातल्या पक्षाचे मतदार तीन लाखांचे ३५ टक्के, म्हणजे १,०५,०००. त्यांतले ४ टक्के (४,२००) प्रायमरीत आले आणि ८५ टक्क्यांनी मवाळाला मत दिले, तर निव्वळ भर २,९४० ची पडते आणि निकाल फिरतो. ३ टक्केच आले तर भर २,२०५ ची. थोडक्यात हुकले.

समाजमाध्यमांवर दर निवडणुकीत एक ‘चाणक्यनीती’ फिरते: विरोधी पक्षाचा सर्वांत भडक उमेदवार निवडून आणा, मग तो नोव्हेंबरमध्ये आपोआप पडेल. सुरक्षित मतदारसंघात हा शुद्ध आत्मघात आहे. भडक उमेदवारामुळे त्या पक्षाची पाच टक्के मते घटली तरी अंदाज ६० वर येतो. ४ च्या विचलनाने तुमच्या जिंकण्याची शक्यता ०.६ टक्के. उरलेल्या ९९.४ टक्के वेळा तोच भडक माणूस तुमचा खासदार. हा डाव लढत खरोखर अटीतटीची असेल तिथेच लागू पडतो. २०१२ मध्ये मिसूरीत डेमोक्रॅटिक सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांच्या प्रचाराने रिपब्लिकन प्रायमरीत टॉड एकिन यांना बळ देणाऱ्या जाहिराती केल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना हरवले. ती राज्यभराची निवडणूक होती, कोरून काढलेला मतदारसंघ नव्हता.

प्रत्यक्षातले उदाहरण नॉर्थ कॅरोलिनाच्या ११ व्या मतदारसंघाचे. २०११ च्या नकाशात उदारमतवादी ॲशव्हिल शहर दोन मतदारसंघांत चिरले होते. पुढे ते पुन्हा एकत्र आले, तरी मतदारसंघाचा कल रिपब्लिकनच राहिला. १७ मे २०२२ च्या रिपब्लिकन प्रायमरीत आठ उमेदवार होते आणि खासदार मॅडिसन कॉथॉर्न दीड हजारांपेक्षा कमी मतांनी चक एडवर्ड्स यांच्याकडून हरले. तिथे ३० टक्क्यांच्या वर गेलेला पहिला उमेदवार थेट जिंकतो. असोसिएटेड प्रेसने मतदारयाद्या तपासल्या. आधीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेले पाच हजारांहून अधिक लोक या वेळी रिपब्लिकन प्रायमरीत मुदतपूर्व मतदान करून गेले होते. ‘डेमोक्रॅट्सनी पाडले’ हा मथळा मात्र घाईचा. मत गुप्त असते. त्यांतले काही मनापासून पक्ष बदललेलेही असतील आणि पक्षातले वजनदार नेतेही कॉथॉर्न यांच्या विरोधात होते.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचा मिशिगनमधला १३ वा मतदारसंघ (डेट्रॉइट परिसर) मराठी वाचकांच्या ओळखीचा. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवारांत मते विभागली, ते सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले आणि नोव्हेंबरची लढत एकतर्फी झाली. तिथला नकाशा स्वतंत्र नागरिक आयोगाने आखला होता. जागा सुरक्षित आहे ती मुख्यतः वस्तीमुळे. तेव्हा प्रत्येक सुरक्षित जागेमागे कारस्थान शोधू नये. अशा बहुरंगी लढतीत दोन मवाळ उमेदवार असतील, तर पलीकडून आलेली मतेही विभागतात. कोणाच्या मागे जायचे ते आधी ठरले नाही, तर सगळी खटपट फुकट.

खरी गोची नियमांत होते. मिशिगनमध्ये दोन्ही पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर असतात. दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षीय भाग बाद. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नसते, मतदानाच्या दिवशी हवी ती मतपत्रिका मागता येते. पण मार्चमध्ये एका पक्षाची घेतली, तर मे महिन्याच्या रनऑफमध्ये (निर्णायक दुसऱ्या फेरीत) दुसऱ्याची मिळत नाही. शिवाय शहरी काउंटीतल्या न्यायाधीश आणि सरकारी वकील या पदांचा निकाल बऱ्याचदा तुमच्याच पक्षाच्या प्रायमरीत लागतो. ते मत गमवावे लागते आणि ही किंमत लोक हिशेबात धरत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनात नोंदणीकृत डेमोक्रॅटला रिपब्लिकन मतपत्रिका मिळत नाही, ‘अपक्ष’ मतदाराला मिळते. नोंदणीतला तो बदल मतदानाच्या २५ दिवस आधी करावा लागतो. वायोमिंगमध्ये २०२२ साली तिथल्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांना प्रायमरीत वाचवायला बरेच डेमोक्रॅट्स रिपब्लिकन झाले. चेनी तरीही सुमारे २९ टक्क्यांवर थांबल्या आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने उमेदवारी अर्ज सुरू झाल्यानंतर पक्ष बदलायला बंदी घातली.

फ्लोरिडाची प्रायमरी बंदिस्त (फक्त त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी), पक्षबदलाची मुदत २९ दिवस. १९९८ च्या घटनादुरुस्तीने तिथे एक खिडकी ठेवली होती: सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि विजेत्यापुढे मुख्य निवडणुकीत कोणीच नसेल, तर प्रायमरी सर्वांना खुली. पण मतपत्रिकेवर नाव न छापता हाताने लिहून मत देण्याचा जो उमेदवार असतो, तोही प्रतिस्पर्धी धरला जातो, आणि त्याला अर्जाचे शुल्क नाही. त्यामुळे असा एक अर्ज भरला की खिडकी बंद.