सैनिकी घड्याळ आणि त्याची प्रतिकृती: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सैनिकी घड्याळ हातात घेतलं की ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओरिजिनल आहे का?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे: नाही. आम्ही प्रतिकृती विकतो आणि पावतीवर तसंच लिहून देतो. दुसऱ्या महायुद्धात किंवा त्यानंतर सैन्याने आपल्या लोकांना दिलेल्या घड्याळांची मांडणी, चेहरा, कधी कधी आतलं यंत्रसुद्धा तसंच ठेवून आज नव्याने बनवलेली ही घड्याळं आहेत. ती बनवणारा स्वतःचं नाव उघडपणे टाकतो. बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळतं त्यावर नाव दुसऱ्याचंच असतं. तो माल आम्ही ठेवत नाही आणि दुरुस्तीलाही घेत नाही.

या घड्याळांवरची जवळजवळ प्रत्येक रेघ कुणाच्या तरी गरजेतून आली आहे. ती गरज माहीत असली, की कोणती प्रतिकृती अभ्यास करून केली आहे आणि कोणती नुसती दिसायला केली आहे, हे तुम्हाला आमच्या मदतीशिवायही ओळखता येतं. म्हणून हे पत्रक.

बारा कारखान्यांचं एक घड्याळ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधले कारखाने युद्धसामग्रीत गुंतले होते. सैनिकांसाठी मनगटी घड्याळं हवी होती, तेव्हा ब्रिटिश सरकारने तटस्थ स्वित्झर्लंडकडे मागणी नोंदवली. घड्याळ कसं असावं हे सरकारने ठरवून दिलं आणि ते बारा कंपन्यांनी बनवलं: ब्युरेन, सायमा, एटर्ना, ग्राना, जेजर-लकूल्त्र, लेमानिया, लाँजिन, आयडब्ल्यूसी, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर आणि व्हर्टेक्स. संग्राहक या बारांना 'डर्टी डझन' म्हणतात. बारांमध्ये सर्वांत दुर्मीळ ग्राना. बाराही जमवणं हा कित्येकांचा आयुष्यभराचा ध्यास असतो, आणि अडतं ते बहुतेक वेळा ग्रानापाशीच.

काळं डायल, पांढरे ठसठशीत अंक, अंधारात चमकणारे काटे, सहाच्या जागी वेगळ्या छोट्या गोलात सेकंदाचा काटा, आत १५ ज्युवेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) चावीचं यंत्र, पाणी न शिरणारी केस, म्हणजे बाहेरचा धातूचा डबा, आणि फुटून तुकडे होणार नाहीत अशी प्लास्टिकची काच. मागच्या झाकणावर डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू ही तीन अक्षरं. सरकारी गोदामाच्या वहीत वस्तूचं नाव आधी आणि वर्णन नंतर येतं, तशी ही नोंद आहे: वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ. डायलवर आणि झाकणावर बाणाची खूण आहे. ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी निशाणी. घड्याळ सैनिकाच्या हातावर असलं तरी मालकी सरकारची होती.

ही घड्याळं हातात येईपर्यंत १९४५ साल उजाडलं आणि युद्ध संपत आलं. पुढे त्यांतली काही डच सैन्याकडे आणि तिथून इंडोनेशियाच्या सैन्याकडे गेली. ब्रिटिश सैन्याच्या दुरुस्तीखान्यांत अनेकांची डायलं बदलली गेली, एकाचे काटे दुसऱ्याला लागले. सैन्याला घड्याळ चालू हवं होतं, त्याचं अस्सलपण जपायचं कारण नव्हतं. त्यामुळे आज 'ओरिजिनल' म्हणून लाखाच्या घरात किंमत सांगितली जाते, तेव्हा त्यातलं नेमकं काय काय कारखान्यातून आलेलं आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता प्रतिकृतीकडे. मूळ घड्याळं साधारण ३५ ते ३८ मिमीची होती. आज लोकांना मोठी घड्याळं आवडतात म्हणून काही जण तीच मांडणी ४२ मिमीच्या केसमध्ये घालतात आणि यंत्र मात्र लहानच ठेवतात. हे कसं ओळखायचं? सेकंदाचा छोटा गोल बघा. मूळ घड्याळात तो खाली, डायलच्या कडेकडे असतो आणि सहाचा आकडा त्याने जवळजवळ गिळलेला असतो. मोठ्या केसमधल्या लहान यंत्रामुळे हा गोल मध्याकडे सरकतो आणि खाली रिकामी काळी जागा उरते. एकदा हे दिसलं की दर वेळी दिसतं. ज्यांचं मनगट बारीक आहे त्यांनी तर ३६ मिमीचंच घ्यावं, असा आमचा आग्रह असतो.

डायलवर बाण असला तर आमची हरकत नाही, तो मूळ चेहऱ्याचा भाग आहे. पण मागच्या झाकणावर कुठल्याही सैन्याने कधीच न दिलेला सैनिकी क्रमांक कोरला असेल, तर तो पुढच्या गिऱ्हाइकाला फसवायची तयारी असते. अशी घड्याळं आम्ही परत पाठवतो.

५५ मिमी, आणि तेही कोटाच्या बाहीवरून

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन हवाई दलाच्या निरीक्षकाचं, म्हणजे विमानाचं स्थान काढणाऱ्याचं, घड्याळ पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते चेष्टेचं वाटतं, इतकं मोठं असतं. व्यास ५५ मिमी. लांगे, आयडब्ल्यूसी, लाको, स्टोवा आणि वेम्पे या पाच ठिकाणी ते बनलं. एवढ्या आकाराचं कारण आत आहे: त्यात खिशातल्या घड्याळाचं यंत्र बसवलं होतं. मोठं यंत्र जास्त अचूक चालतं आणि विमानाचं स्थान आकाशावरून काढणाऱ्याला सेकंदाचा हिशोब लागतो. पट्टा लांबलचक, कारण घड्याळ जाड कातडी कोटाच्या बाहीवरून बांधायचं. चावी मोठी आणि कांद्याच्या आकाराची, कारण हातात मोजे. चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, म्हणजे रेडिओवरच्या वेळेच्या संकेताशी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवता येतं. बाराच्या जागी त्रिकोण आणि दोन ठिपके, म्हणजे अंधारात घड्याळ कसंही फिरलं तरी वर कुठे आहे ते कळतं.

१९४१ पासून डायल बदललं. बाहेरच्या मोठ्या वर्तुळात ५ ते ५५ मिनिटांचे आकडे आले आणि तासांचे आकडे आतल्या लहान वर्तुळात गेले. दिशा आणि स्थान काढताना किती वाजले यापेक्षा कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला याला जास्त महत्त्व होतं. आधीच्या डायलला संग्राहक ए आणि या नव्याला बी म्हणतात. नवीन घेणाऱ्याला आम्ही ए सुचवतो, कारण रोजच्या वापरात बी वाचायला सवय लागते. मात्र खरी बुद्धी बी डायलमध्ये आहे आणि घेणारा बऱ्याचदा पुढे तिकडेच वळतो.

लाको आणि स्टोवा आजही हे घड्याळ बनवतात आणि लाकोने तर ५५ मिमीच्या मूळ आकारातही ते काढलं आहे. ज्याने मूळ बनवलं त्यानेच केलेली ही प्रतिकृती, त्यामुळे किंमतही तशी. रोज घालायला ३९ ते ४२ मिमीची पुरते. एक गोष्ट स्पष्ट लिहितो: स्वस्तिक किंवा नाझी गरुड छापलेली घड्याळं आम्ही विकत नाही, मागणी आली तरी मागवत नाही. या घड्याळाच्या डायलवर मुळात कुणाचं नावही नव्हतं, चिन्ह तर लांबच.

आणखी काही, थोडक्यात

अमेरिकेचं ए-११ एल्गिन, वॉल्थम आणि ब्युलोवा यांनी बनवलं. साधं, काळ्या डायलचं, मध्ये सेकंदकाटा आणि तो थांबवायची सोय, म्हणजे मोहिमेआधी सगळ्यांची घड्याळं एका क्षणी जुळवता येत. सैनिकी घड्याळाची सुरुवात करायला याच्यासारखी प्रतिकृती नाही.

आयडब्ल्यूसीचं मार्क ११ ब्रिटिश हवाई दलात १९४९ पासून १९८१ पर्यंत चाललं. यंत्राभोवती मऊ लोखंडाचं कवच होतं, ते विमानातल्या चुंबकीय क्षेत्रापासून वाचवायला.

चीनचं '१९६३' या नावाचं घड्याळ आम्हाला मनापासून आवडतं. १९६१ मध्ये त्यांच्या हवाई दलासाठी स्टॉपवॉच असलेलं घड्याळ बनवायचं काम त्यांच्या सरकारने तियानजिनच्या कारखान्याकडे दिलं. व्हीनस या स्विस कंपनीची १७५ क्रमांकाच्या यंत्राची हत्यारं आणि मशिनं विकत घेतली गेली. आज मिळणाऱ्या प्रतिकृतीत त्याच यंत्राचा वंशज आहे. मागची काच पारदर्शक असेल तर बटण दाबताना आतलं, स्टॉपवॉच चालू-बंद करणारं खांबांचं चाक एक घर पुढे सरकताना दिसतं. या किमतीत असं यंत्र दुसरीकडे मिळत नाही.

युरोपात मासिकाच्या अंकांसोबत सैनिकी घड्याळांच्या स्वस्त प्रतिकृती निघत. त्या आता जुन्या बाजारातून इकडेही येतात. आत बॅटरीचं यंत्र, केस हलक्या धातूची. इतिहास समोर मांडून ठेवायला छान आहेत. पाण्यात, घामात घालायला नाहीत.

अंधारात चमकणारा रंग

हा भाग कृपया वगळू नका. युद्धकाळातल्या मूळ घड्याळांचे आकडे आणि काटे रेडियम या किरणोत्सर्गी धातूच्या रंगाने रंगवलेले असत. न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुली हा रंग भरायच्या. कुंचल्याचं टोक बारीक करायला तो ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. पुढे त्यांच्या जबड्याची हाडं झिजली, कित्येक जणी तरुण वयात गेल्या.

रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. जुनं घड्याळ अंधारात चमकत नसेल, तर संपलेला असतो तो त्यातला चमकणारा पदार्थ. रेडियम आहे तसंच असतं. बंद केसमधलं घड्याळ शोकेसमध्ये ठेवायला अडचण नाही. पण ते घरी उघडू नका, डायल खरवडू नका, सुटलेली भुकटी फुंकू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका. १९६० च्या दशकापासून रेडियमच्या जागी ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आला. ब्रिटिश डायलवर वर्तुळातलं टी हे अक्षर त्याचंच. ते सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून तीही घड्याळं आता अंधारात मुकी आहेत. आमच्याकडच्या प्रतिकृतींवर किरणोत्सर्ग नसलेला आधुनिक रंग असतो. उजेडात ठेवला की भरतो आणि रात्री हळूहळू मावळतो. जुनेपणा दाखवायला काही जण पिवळसर छटेचा रंग लावतात, तो तुमच्या आवडीचा प्रश्न.

मुंबईचं नाव चिकटलेली घड्याळं

जगभरच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द चालतो आणि तो कौतुकाचा नाही. जुनं एचएमटी किंवा स्विस यंत्र घ्यायचं, केस पॉलिश करायची, डायल खरवडून त्यावर नवं छापायचं आणि बाण, तारे, सैन्याची नावं टाकून ऑनलाइन 'जुनं सैनिकी घड्याळ' म्हणून विकायचं. आतलं यंत्र बऱ्याचदा चांगलं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. एचएमटीने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवली. त्यांतलं 'जवान' आपल्या सैनिकांच्या मनगटावर होतं. साधं जुनं 'जवान' किंवा 'पायलट', डागाळलेल्या मूळ डायलसकट, आम्हाला दहा रंगवलेल्या घड्याळांपेक्षा मोलाचं आहे.

ओळखायचं असेल तर भिंगाखाली अक्षरं बघा. नव्याने छापलेल्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक होतात आणि सेकंदाच्या गोलाचा मध्य काट्याच्या मध्याशी जुळत नाही. केसच्या कडा पॉलिशने साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात. डायल नवं कोरं आणि चावी झिजलेली असेल तर तिथेच थांबा.

घेतल्यावर

चावीचं घड्याळ रोज सकाळी, हातातून काढून, अडेपर्यंत भरा. अडल्यावर जोर लावू नका. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ आणि स्पीकरवर ठेवू नका. हेअरस्प्रिंगच्या (यंत्राचा वेग ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगच्या) वेटोळ्या एकमेकींना चिकटल्या की घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. तसं झालं तर घेऊन या, चुंबकत्व काढायला काही क्षण लागतात आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही. झाकणावर ३ एटीएम (पाण्याचा किती दाब सोसतं त्याचं माप) लिहिलं असेल तर ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं आहे, कोकणातल्या पावसापुरतं नाही. पावसाळ्यात कातडी पट्टा काढून नायलॉनचा लावा. ब्रिटिश सैन्याचा एकसंध नायलॉन पट्टा याच कामाचा आहे: तो घड्याळाच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ हातातच राहतं.

साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून लोक आजोबांचं घड्याळ घेऊन येतात. मागचा क्रमांक आजोबांचा पलटणीतला क्रमांक असेल, अशी त्यांची समजूत असते. तो क्रमांक घड्याळाचा असतो. एक कारखान्याचा, दुसरा असला तर सैन्याचा. असं घड्याळ पॉलिश करून आणू नका, पट्टासुद्धा बदलू नका. घरात आजोबांचं डिस्चार्ज बुक किंवा गणवेशातला फोटो असेल तर सोबत आणा. घड्याळ तुमच्यासमोर उघडून आत काय आहे ते दाखवतो. त्याचे पैसे पडत नाहीत, फक्त गर्दी नसताना, दुपारी तीननंतर या. सोमवारी दुकान बंद असतं.