मुंबई ते लंडन: तिकिटावरचे तास कसे मोजायचे

“दुपारी दीडला सुटतं, साडेसहाला पोचतं. म्हणजे पाचच तास की! मग सून साडेनऊ तास का म्हणते?” एका आजींनी तिकीट आमच्या टेबलावर पसरून विचारलं होतं. हाच प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून हे पत्रक.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं बदलतात. आजींचा प्रवास जूनचा, म्हणून ५ तासांत साडेचार मिळवायचे. सून बरोबर होती. परतीचं विमान रात्री ९.३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.४० ला मुंबईत. दिसतात १३ तास १० मिनिटं, पण इथे साडेचार वजा करायचे. उरले ८ तास ४० मिनिटं.

अंतर तेच, मग येताना लवकर कसं? १०-११ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. थंडीत त्यांचा जोर वाढतो.

अंतराचं म्हणाल तर सरळ मोजलं की सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही ‘सरळ’ रेघ मुंबईहून वायव्येला, पाकिस्तानावरून निघते. प्रत्यक्षात विमान तसंच जाईल असं नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली. असा वळसा पडला की वेळ वाढते.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम २०० किलोमीटरनी वाढतं. वेळ खातो तो तिथला मुक्काम. ज्येष्ठांना आम्ही शक्यतो थेट विमानच सुचवतो, चार पैसे जास्त गेले तरी.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘१२ तारीख, ०१.५५’ म्हणजे ११ तारखेचं जेवण उरकून निघायचं. १२ च्या रात्री निघालात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असेल. विमानतळावर ३ तास आधी पोचा. आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. साताऱ्याहून गाडीने जाणाऱ्यांनी घाट आणि पनवेलची गर्दी धरून ७ तास हाताशी ठेवावेत. पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ दिसलं तर उतरण्याची तारीख पुढची.

मुलांना उतरण्याची वेळ कळवताना तिकिटावर छापलेलीच कळवा. आजींनी मुलाच्या सोयीसाठी म्हणून ती आपल्या वेळेत बदलून ‘रात्री ११’ लिहिली होती. आम्ही वेळीच खोडली, नाहीतर बॅगा धरून साडेचार तास बसल्या असत्या.