चिपाडाच्या धाग्यांनी चिवट झालेली खळ

कपड्यांची खळ (शिजवलेला स्टार्च) ताटात वाळली की पापुद्रा निघतो, पण दुमडला की मोडतो. ग्लिसरीन घातले तर वाकतो, मात्र ताणला की लगेच फाटतो. त्याला आतून आधार हवा. कोल्हापूरकडे तो उसाच्या चिपाडाच्या रूपात गुऱ्हाळांच्या चुलवाणात जळत असतो.

सुक्या चिपाडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीला चिवटपणा देणारा तंतुमय पदार्थ, असते. दळलेले चिपाड ४ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ८० अंश सेल्सिअसला दोन तास ढवळतात, धुतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करतात. हा लगदा उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून (अरुंद फटीतून जोराने दाबून काढणाऱ्या यंत्रातून) पुन:पुन्हा काढला की साधारण १० ते १०० नॅनोमीटर जाडीचे धागे सुटतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. (मिक्सरने हे जमत नाही.) यातून मिळणाऱ्या जेलमध्ये धागे १ टक्का, बाकी पाणी, तरी ते दह्यासारखे घट्ट! ते वाळू देऊ नये. वाळताना धागे हायड्रोजन बंधांनी असे चिकटतात की पुन्हा भिजवूनही नीट सुटत नाहीत.

२० बाय २४ सेंटीमीटरच्या ताटाला १५ ग्रॅम जेल पुरते, म्हणजे सुके धागे ०.१५ ग्रॅम. ते ८५ मिलिलिटर पाण्यात घोटून ५ ग्रॅम मक्याचा स्टार्च आणि १.५ ग्रॅम ग्लिसरीन घालायचे. मिश्रण ७० अंशांच्या आसपास दाटते. फसगत इथेच होते: गॅस बंद केला तर स्टार्चच्या न फुटलेल्या दाण्यांचे ठिपके फिल्ममध्ये, म्हणजे वाळलेल्या पापुद्र्यात, राहतात. ९० अंशांवर अर्धा तास ढवळावे, व्हॅक्यूमने बुडबुडे काढावेत, ताट लेव्हलमध्ये ठेवून ४० अंशांना दिवसभर वाळवावे. जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते. धागे स्टार्चच्या ५ टक्क्यांपलीकडे नेले तर बहुधा गुठळ्या होतात आणि फिल्म तिथूनच फाटते.

खरी परीक्षा कोल्हापूरच्या जुलैत. ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते, फिल्म लुळी पडते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तीच कडक असते. म्हणून ताणून मोजण्याआधी ती ५० टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेवतात. आर्द्रता न सांगता दिलेला मजबुतीचा आकडा आम्ही तरी धरत नाही.

धाग्यांमुळे वाफेची वाट लांबते, बंद होत नाही. त्यामुळे या फिल्ममध्ये भडंग सादळेल, गुळाला पाणी सुटेल. तेल मात्र ती छान अडवते. तेव्हा लगेच खायच्या शेव-चिवड्याच्या कागदी पुडीला आतून अस्तर म्हणून ती आजही चालेल.