थेंब केवढा होता?

जुलै उजाडला की आमच्याकडे, कोल्हापुरात, दर दोन दिवसांनी मोबाइलवर ‘ढगफुटी’ होते. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला दिवसभर पावसानं झोडपलं की लगेच तीच बातमी. हवामानशास्त्रात मात्र ढगफुटी म्हणजे छोट्याशा भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. घाटातला पाऊस सहसा तसा नसतो. तो उघडीप देत नाही, आणि पंचगंगेला पात्राबाहेर यायला तेवढं पुरतं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी वातावरणशास्त्रात पीएच.डी. करते. ती पावसाचे थेंब मोजते. तिच्या यंत्राला डिस्ड्रोमीटर म्हणतात. त्यात लेसरचा पातळ पट्टा असतो. थेंब त्यातून पडताना उजेड किती अडला यावरून थेंबाचा आकार कळतो, किती वेळ अडला यावरून वेग. १९०४ साली विल्सन बेंटली या अमेरिकी शेतकऱ्यानं हेच काम पिठावर केल्याचं छापून आलं होतं. तिनं सांगितल्यावर मीही करून पाहिलं. मे महिन्यात वळीव आला तेव्हा परातीत मैदा पसरून गच्चीवर गेलो. “काका, दोन-तीन सेकंदच धरा, मग लगेच झाका,” तिनं बजावलं होतं. थेंब पडून मैद्याच्या झालेल्या गोळ्या वाळल्यावर मैदा चाळला, तर चाळणीत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या! जुलैत गगनबावड्याला तीच परात धरली. तिथं मोहरी आणि राजगिरा.

हा फरक येतो कुठून? ढगातला थेंब जेमतेम ०.०२ मिलिमीटर व्यासाचा, पावसाचा दोन मिलिमीटरचा. व्यास शंभर पट, म्हणजे पाणी दहा लाख पट. नुसतं वाफेचं पाणी होत जाऊन एवढा थेंब व्हायला फार वेळ लागेल. म्हणून थेंब एकमेकांना गिळतात. अरबी समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणाभोवती एखादा थेंब जरा मोठा होतो, मोठा म्हणून वेगानं खाली येतो आणि वाटेतल्या लहानांना पोटात घेतो. पण घाटावरचे ढग बरेचदा बुटके. गिळायला वाट कमी, म्हणून थेंब बारीक राहतात, पण असतात अगणित. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. वर गारा होतात, त्या खाली येताना वितळतात आणि टपोरा थेंब पत्र्यावर ताडकन वाजतो.

आता तिच्या कामाचा गाभा. रडारला पाणी दिसत नाही, थेंबावरून परत आलेल्या लहरी दिसतात. त्यांचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढतो, पाणी मात्र तिसऱ्या घातानं. दोन मिलिमीटरचा एक थेंब जेवढा ‘दिसतो’, तेवढं दिसायला एक मिलिमीटरचे ६४ थेंब लागतात. पण त्या ६४ थेंबांत आठपट पाणी असतं! म्हणजे रडारच्या पडद्यावर सारखाच रंग, आणि खाली पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी-कुंभी नद्यांत कितीतरी जास्त पाणी. रडारच्या लहरींवरून पाऊस काढण्याचं प्रसिद्ध सूत्र मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या कामातून आलं, तेही कॅनडातल्या थेंबांवरून. ते आपल्या घाटाला जसंच्या तसं लावलं तर पाऊस कमी धरला जातो. इथलं सूत्र इथल्या थेंबांवरूनच बसवावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी पावसात यंत्राजवळ उभं राहावं लागतं.

नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हे पाहून पाऊस सांगणारे अजून आहेत. त्या वाहनाचा ढगाशी काडीचाही संबंध नाही. त्याच्या भरवशावर पेरणीची घाई करू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली आम्ही तो आकडा तासातासाला विचारत होतो. बंधाऱ्यावर येणारं पाणी आधी घाटात राजगिऱ्याएवढ्या थेंबांनी पडलेलं असतं. ते तिथंच नीट मोजलं गेलं, तर नदीकाठच्या घरांना सामान माळ्यावर चढवायला काही तास जास्त मिळतील. ती मुलगी सध्या यंत्राच्या काचेवर साचणारं शेवाळ दर आठवड्याला पुसायला गगनबावड्याला जाते.