होस्टिंग आणि ॲप: पॉडकास्ट नेमका टाकायचा कुठे?

नवा पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "एपिसोड स्पॉटिफायवर टाकला, आता ॲपलवर टाकायचाय, मग ॲमेझॉनवर." दर ठिकाणी वेगळं खातं, वेगळा अपलोड आणि दर आठवड्याला तीच हमाली, असं त्यांनी धरलेलं असतं. साहजिकच काही एपिसोडांतच दम निघतो. मराठीत मन लावून केलेले ऑडिओ कार्यक्रम अजून फार नाहीत. त्यातला एखादा अशा गैरसमजापायी थांबला की फार वाईट वाटतं.

खरं तर ऐकण्याचं ॲप आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप सगळ्यांना माहीत आहे: शोधा, फॉलो करा, प्ले दाबा. त्यावर जास्त बोलत नाही.

होस्टिंग मात्र समजून घ्यायला हवं. तुमची एमपीथ्री फाइल ज्या सर्व्हरवर प्रत्यक्ष असते, ती सेवा म्हणजे होस्टिंग. बझस्प्राउट, पॉडबीन, ट्रान्झिस्टर या अशा सेवा आहेत. तिथे एपिसोड चढवला की तुमच्या कार्यक्रमाचं आरएसएस फीड, म्हणजे ॲप्सना आपोआप वाचता येणारी यादी, तयार होतं. त्यात कार्यक्रमाचं नाव, कव्हर, प्रत्येक एपिसोडचं शीर्षक, तारीख आणि ऑडिओ फाइलचा पत्ता असतो. या फीडची लिंक तुम्ही ॲपल पॉडकास्ट्सला, ॲमेझॉन म्युझिकला सुरुवातीला एकदाच द्यायची. पुढे ती ॲप्स फीड आपणहून तपासत राहतात आणि नवा एपिसोड दिसला की दाखवतात. श्रोत्याने ॲपलवर तुमचा मोफत एपिसोड लावला, तरी आवाज येतो तो तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून. आरएसएसमध्ये ऑडिओ जोडण्याची सोय २००० च्या अखेरीस आली, ॲपलच्या आयट्यून्सने २००५ मध्ये पॉडकास्ट घेतले, आणि पाया आजही तोच आहे.

मग घोळ होतो कुठे? स्पॉटिफायपाशी. या कंपनीकडे दोन्ही आहे. तिने २०१९ मध्ये अँकर ही होस्टिंग सेवा विकत घेतली आणि आज ती स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स या नावाने चालते. म्हणजे तिथे एपिसोड चढवणं हे होस्टिंग आणि फोनमधलं हिरवं चिन्ह हे ॲप. नाव एकच असल्यामुळे लोकांना वाटतं, आपण फक्त त्या ॲपवर आहोत. मग ॲपलसाठी ते दुसऱ्या सेवेवर नवं खातं उघडतात आणि तेच एपिसोड तिथे पुन्हा चढवतात. एका कार्यक्रमाची दोन फीड होतात, फॉलो करणारे विभागले जातात, आकडे दोन जागी पडतात आणि काही ॲप्समध्ये तोच पॉडकास्ट दोनदा दिसतो. हे कृपा करून करू नका. होस्टिंग एकच ठेवा. ते स्पॉटिफायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फीड चालू आहे का बघा आणि तीच लिंक बाकी सगळ्यांना द्या.

हा फरक किती मोठा आहे ते २०२४ मध्ये दिसलं. गुगल पॉडकास्ट्स त्या वर्षी बंद झालं, पण त्यामुळे कुणाचा एपिसोड पुसला गेला नाही. श्रोत्यांनी ॲप बदललं, एवढंच. याउलट होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले आणि त्यांनी फाइली काढून टाकल्या, तर फीडवर चालणाऱ्या सगळ्या ॲप्समधून पॉडकास्ट गप्प होतो. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या हार्ड डिस्कवर असलंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही.

होस्टिंग निवडताना किमतीच्याही आधी एक प्रश्न विचारा: उद्या सोडून जायचं झालं तर जुन्या फीडवरून नव्या फीडकडे कायमचं वळवून द्याल का? याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. ॲपलचं सांगणं असं, की हे वळण निदान चार आठवडे तरी ठेवा. ते मिळालं तर फॉलोअर तुमच्याबरोबर येतात, नाहीतर शून्यापासून सुरुवात. आणि फीडमधला ईमेल तुमचाच हवा. पॉडकास्ट तुमचा आहे याची खात्री करायला स्पॉटिफाय त्याच पत्त्यावर कोड पाठवतं. 'सगळं लावून देणाऱ्या' मित्राचा किंवा स्टुडिओवाल्याचा ईमेल तिथे असेल, तर किल्ली त्याच्या हातात राहते.

यूट्यूबचं गणित निराळं. तिथे पॉडकास्ट म्हणजे पॉडकास्ट अशी खूण केलेली प्लेलिस्ट. फीड दिलंत तर यूट्यूब त्यावरून कव्हरचं स्थिर चित्र लावून व्हिडिओ बनवतं आणि ती प्रत स्वतःकडे ठेवतं. होस्टिंगवर फाइल बदलून चूक दुरुस्त केली तरी यूट्यूबवर जुनाच आवाज राहतो, तिथे एपिसोड पुन्हा चढवावा लागतो. तिथले व्ह्यूज आणि होस्टिंगवरचे डाउनलोड्स यांची बेरीज करून आकडा मिरवणं मला साफ नामंजूर आहे. दोन्हींची मोजणीच वेगळी.

बाकीचं थोडक्यात. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं, अक्षरं मोठी. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज पुरे, अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबी होते. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. अनेक मराठी पॉडकास्टांच्या फीडमध्ये तिथे इंग्रजीच राहून गेलेली असते आणि ॲपला ती भाषा खरीच वाटते.

प्रसार करतानाही हाच फरक उपयोगी पडतो. एकाच ॲपची लिंक सगळीकडे फिरवू नका. पुण्यातली मावशी यूट्यूबवर ऐकते, न्यू जर्सीतला भाचा आयफोनवर. होस्टिंगकडून मिळणाऱ्या पानावर सगळ्या ॲप्सची बटणं देता येतात, ती लिंक द्या. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एमपीथ्री फाइल पाठवणं थांबवा. ती कितीही जणांनी ऐकली तरी तुमच्या आकड्यांत एकही भर पडत नाही आणि पुढचा एपिसोड आपोआप त्यांच्यापर्यंत जात नाही.

पहिला एपिसोड पाडव्याला आणायचा असेल, तर फीड त्याच दिवशी देऊ नका. मंजुरीला वेळ लागू शकतो आणि रिकामं फीड ॲपल घेत नाही. दीड-दोन मिनिटांचा ट्रेलर दोन आठवडे आधी होस्टिंगवर चढवा आणि सगळ्या ॲप्सना फीड देऊन टाका. मग पाडव्याला एकाच जागी एपिसोड प्रकाशित करायचं काम उरेल.