घरातील बॉयलर बदलताना: कोटेशन कसे तपासावे आणि कोणते कागद हातात घ्यावेत (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड किंवा वेल्समध्ये घर विकायला काढले की खरेदीदाराच्या सॉलिसिटरकडून (खरेदी-विक्रीचे कागद पाहणाऱ्या वकिलाकडून) बॉयलरविषयी एक प्रश्न हमखास येतो: हीटिंग कोणत्या वर्षी बसवले, आणि ते १ एप्रिल २००५ नंतरचे असेल तर त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे? पुष्कळ घरमालकांकडे ते नसते. बॉयलर उत्तम चालत असतो, पैसे चुकते केलेले असतात, पावतीही जपून ठेवलेली असते, पण नेमका हवा तो कागद नसल्याने व्यवहार अडून राहतो. वॉरंटीच्या बाबतीतही असेच घडते. ऐन थंडीत बॉयलर बंद पडतो, उत्पादक कंपनीचा माणूस येतो, यंत्रणेतील पाणी काळे आणि गाळाने भरलेले आहे असे सांगतो आणि दावा फेटाळला जातो. या दोन्ही अडचणींचे मूळ बहुतेक वेळा कोटेशनमध्ये सापडते, कारण जे काम त्यात लिहिलेले नव्हते ते झालेले नसते आणि त्याचा कागदही निघालेला नसतो. म्हणून दोन-तीन कोटेशने समोर ठेवून केवळ खालची एकूण रक्कम पाहू नये, तर प्रत्येकात काय लिहिलेले आहे आणि काय लिहिलेले नाही हे आधी पाहावे.

कोण बसवू शकतो, कोण बसवून घेऊ शकतो

गॅसचा बॉयलर बसवण्याचा व्यवसाय फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदणी असलेल्यांनाच करता येतो. ही नोंदवही १ एप्रिल २००९ रोजी ग्रेट ब्रिटनमध्ये कॉर्गी या जुन्या नोंदवहीच्या जागी आली, त्यामुळे आज कोणी कॉर्गीची नोंदणी सांगत असेल तर त्याला गॅसच्या कामासाठी काहीही अर्थ नाही. इंजिनिअरच्या ओळखपत्राची पुढची बाजू सगळे पाहतात. तिच्यावर फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागची बाजू मात्र फार थोडे लोक पाहतात, आणि त्या माणसाला कोणकोणत्या प्रकारच्या गॅस उपकरणांवर काम करण्याची पात्रता आहे ते तिथेच लिहिलेले असते. शेगडी जोडण्याची पात्रता म्हणजे बॉयलर बसवण्याची पात्रता नव्हे. शिवाय कंपनी नोंदणीकृत असणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या व्यक्तीचा परवाना क्रमांक गॅस सेफ रजिस्टरच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.

बसवून घेणाऱ्याची बाजू स्वतंत्र घराच्या मालकासाठी सोपी असते. लीजहोल्ड फ्लॅटमध्ये, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये, ती अडचणीची होते, कारण धूर बाहेर सोडणारा फ्लू ज्या बाहेरच्या भिंतीतून जातो ती भिंत बहुधा तुमच्या मालकीची नसते. फ्लूची जागा बदलणार असेल तर फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वी मिळवावी. ती मिळायला वेळ लागतो, आणि इंजिनिअर याविषयी स्वतःहून बहुधा विचारत नाही. संरक्षित वारसा इमारत असेल तर काउन्सिलची संमतीही लागू शकते. भाडेकरूंनी स्वतःच्या पैशांनी बॉयलर बदलून घेण्याच्या फंदात पडू नये. ती जबाबदारी घरमालकाची आहे.

कोटेशनमधील पोकळ ओळी

सर्वप्रथम, हातातला कागद कोटेशन आहे की एस्टिमेट हे पाहावे. कोटेशन स्वीकारले की त्यातील किंमत ठरली. एस्टिमेट हा केवळ अंदाज असतो आणि अंतिम बिल त्याहून वेगळे येऊ शकते. रकमेत २० टक्के व्हॅट धरला आहे की नाही, हेही लिहून घ्यावे.

घर न पाहता दिलेल्या किमतीवर विसंबू नये, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण गॅसची नळी हे आहे. मीटरपासून बॉयलरपर्यंत गॅसचा दाब १ मिलिबारपेक्षा अधिक घटता कामा नये. कॉम्बी बॉयलर (घराचे हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही टाकीशिवाय देणारा बॉयलर) गरम पाणी तयार करताना एकदम बराच गॅस ओढतो, त्यामुळे जुन्या साध्या बॉयलरला पुरणारी १५ मिलिमीटरची नळी त्याला अनेकदा पुरत नाही आणि बऱ्याच लांबीपर्यंत २२ मिलिमीटरची नळी टाकावी लागते. हे कोटेशनमध्ये नसेल तर काय होते? जुना बॉयलर काढून झालेला असतो, घरात ना हीटिंग ना गरम पाणी, आणि त्या अवस्थेत फळ्या उचकटून नळी बदलण्याचे वाढीव पैसे मागितले जातात. नाही म्हणण्याची सोय तेव्हा उरलेली नसते. म्हणून ‘गॅस नळीचा आकार तपासला असून ती बदलण्याची गरज आहे किंवा नाही’ असे स्पष्ट वाक्य कोटेशनमध्ये मागावे.

बॉयलर किती किलोवॅटचा घ्यायचा हे जुन्या बॉयलरकडे पाहून ठरवणे चूक आहे. कॉम्बीवरचा मोठा आकडा गरम पाण्यासाठी असतो. घर उबदार ठेवायला लागणारी क्षमता त्याच्या मानाने पुष्कळ कमी असते, आणि ती घराच्या उष्णताहानीच्या हिशोबावरून काढायची असते. तो हिशोब केला का, आणि बॉयलरची हीटिंगची कमाल क्षमता त्यानुसार कमी करून ठेवणार का, हे विचारावे. नळाला मिनिटाला किती लिटर पाणी येते हे मोजल्याशिवाय कॉम्बी सुचवणाऱ्याने अर्धीच पाहणी केली आहे असे समजावे.

‘सिस्टिम फ्लश समाविष्ट’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक कोटेशनमध्ये असते आणि बहुतेक वेळा तिचा नेमका अर्थ कोणालाच विचारला जात नाही. बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार यंत्रणा स्वच्छ करणे, पाण्यात गंजरोधक द्रव घालणे आणि नळीवर फिल्टर बसवणे अपेक्षित आहे. ही तिन्ही कामे कोटेशनमध्ये वेगवेगळी लिहून मागावीत: स्वच्छता कोणत्या पद्धतीने करणार, कोणता फिल्टर बसवणार, कोणते रसायन घालणार. गाळामुळे वॉरंटी नाकारली जाते तेव्हा उत्पादक कंपनी हेच तपशील मागते, आणि ‘फ्लश समाविष्ट’ या दोन शब्दांवर तिथे काही सिद्ध करता येत नाही.

कंडेन्सेट पाइपबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आताचे बॉयलर धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवतात, आणि ते पाणी एका प्लास्टिकच्या नळीने निचऱ्यात सोडावे लागते. ही नळी घरातल्या घरात, सिंकच्या किंवा सांडपाण्याच्या नळीला जोडलेली असणे सर्वांत चांगले. सोय पाहून ती भिंतीतून बाहेर काढली, बारीकच ठेवली आणि उघडी सोडली की कडाक्याच्या थंडीत तिच्यात बर्फ साचतो, बॉयलरमधून गुळगुळ असा आवाज येऊ लागतो आणि नेमकी गरज असते त्या सकाळी तो बंद पडतो. बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर बाहेरचा भाग शक्य तितका आखूड, ३२ मिलिमीटर जाडीचा, सतत उतार असलेला आणि हवामान सोसणाऱ्या आवरणात गुंडाळलेला असावा. नळी कुठून कुठे जाणार, याची एक ओळ कोटेशनमध्ये असलीच पाहिजे.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या बॉयलर प्लस नियमांनुसार नव्या गॅस बॉयलरची कार्यक्षमता किमान ९२ टक्के असावी लागते आणि वेळ व तापमान या दोन्हींचे नियंत्रण द्यावे लागते. कॉम्बी असेल तर आणखी एक गोष्ट बंधनकारक आहे: धुरातील उष्णता परत घेणारे उपकरण, बाहेरच्या हवामानानुसार किंवा घरातील गरजेनुसार पाण्याचे तापमान बदलणारे नियंत्रण, अथवा स्वयंचलन आणि इष्टतमीकरण (ऑटोमेशन आणि ऑप्टिमायझेशन) असलेला स्मार्ट थर्मोस्टॅट, यांपैकी एक. म्हणून नुसते ‘थर्मोस्टॅट समाविष्ट’ पुरेसे नाही. कोणता, आणि तो यांतील कोणती अट पूर्ण करतो, हे लिहिलेले हवे. हे नियम वेल्सला लागू नाहीत. रेडिएटर आणि नळ्यांसह सगळीच यंत्रणा नवी करणार असाल तर इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून ती ५५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर घर उबदार करू शकेल अशा बेताने आखावी लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही इंग्लंडमध्ये नव्या बॉयलरसोबत बंधनकारक आहे. तो स्वस्त असतो, तरीही कोटेशनमधून सर्रास गळतो.

एक गैरसमज इथेच दूर करावा. ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ या नावामुळे दरवर्षी अनेकांची निराशा होते, कारण त्या योजनेतून नव्या गॅस बॉयलरसाठी एक पेनीही मिळत नाही. ती हीट पंपासारख्या पर्यायांसाठी आहे. हवेतून उष्णता घेऊन पाण्यावर चालणारी हीटिंग पुरवणाऱ्या पंपासाठी अनुदानाची रक्कम २३ ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड झाली, आणि तिचा अर्ज घरमालक नव्हे तर प्रमाणित इन्स्टॉलर करतो. सरकारने योजनेला निदान नेमके नाव द्यायला हवे होते.

मुदती आणि प्रमाणपत्रे

करार तुमच्या घरी बसून झाला असेल तर साधारणपणे तो रद्द करण्याचा हक्क किमान १४ दिवस असतो, आणि त्याची माहिती लेखी देणे कंपनीवर बंधनकारक आहे. काम लगेच सुरू करावे अशी लेखी विनंती तुम्ही केली असेल तर रद्द करताना तोवर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागू शकतात. अशी विनंती छापील अर्जात बारीक अक्षरांत आधीच घातलेली असते, तेव्हा सही करण्यापूर्वी ती शोधून वाचावी. शक्य असल्यास निदान अनामत रक्कम तरी क्रेडिट कार्डाने भरावी. किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार ठरते.

आता सर्वांत जास्त घोळ होतो तो मुद्दा. काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची नोंद स्थानिक प्रशासनाकडे जावी लागते. गॅस सेफ रजिस्टरमार्फत ही नोंद काम करणारी कंपनीच करते. तुम्ही स्वतः ती करू शकत नाही. नोंद झाली की बिल्डिंग रेग्युलेशन्सचे (बांधकाम नियमांचे) अनुपालन प्रमाणपत्र तुमच्याकडे पाठवले जाते. इंजिनिअर कामाच्या दिवशी जो कागद देतो तो हा नव्हे. लोक ‘सीपी १२’ म्हणून ओळखला जाणारा गॅस सुरक्षा तपासणीचा कागद दाखवतात, पण तो मुख्यतः भाड्याच्या घरांच्या वार्षिक तपासणीचा असतो आणि घर विकताना अनुपालन प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. ‘बेंचमार्क’ नावाची तपासणी-यादी हा तिसरा, वेगळा कागद. त्यात बॉयलर सुरू करतानाची मोजमापे असतात, आणि ती कोरी राहिली तर वॉरंटीचा दावा अडू शकतो. चौथी गोष्ट म्हणजे उत्पादकाकडे वॉरंटीची नोंदणी. तिचीही मुदत अनेक कंपन्यांत ३० दिवसांचीच असते, त्यामुळे एक नोंद झाली म्हणजे दुसरीही आपोआप झाली असे घरमालक धरून चालतात. तसे होत नाही. दोन्ही नोंदी कोण करणार हे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी भरलेली बेंचमार्क यादी हातात घ्यावी. त्यानंतर दरवर्षीची सर्व्हिस चुकवू नये, कारण बहुतेक वॉरंट्यांची ती अट असते.

नोंद करण्याची जबाबदारी कंपनीची, पण ती न झाल्याची झळ मात्र काही वर्षांनी घरमालकाला बसते, ही व्यवस्था अन्यायाची आहे, आणि जोवर ती बदलत नाही तोवर आपणच सावध राहिलेले बरे. महिन्याभरानंतरही प्रमाणपत्र आले नाही तर वाट पाहू नये. आधी कंपनीला लेखी विचारावे, मग गॅस सेफ रजिस्टरकडे चौकशी करावी. प्रमाणपत्र आलेच तर त्यावरील पत्ता, विशेषतः फ्लॅटचा क्रमांक, नीट तपासावा. कागद हरवला असेल पण नोंद झालेली असेल तर गॅस सेफ रजिस्टरकडून शुल्क भरून दुसरी प्रत मिळते. नोंदच झालेली नसेल आणि कंपनीही बंद पडलेली असेल, तर काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाकडे काम मागाहून नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क, तपासणी आणि वेळ, तिन्ही लागतात. घर विकताना सॉलिसिटर नुकसानभरपाईचा विमा सुचवतात आणि व्यवहारापुरता तो चालतो. मात्र त्या विम्यामुळे बॉयलर सुरक्षित असल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून अशा घरात राहणार असाल तर नोंदणीकृत इंजिनिअरकडून बॉयलर आणि फ्लू तपासून घ्यावा.